राहिलेला कॉर्नर

सत्तेचाळीस साल, आश्विन वद्य एकादशी. दवाखान्यातून घरी आले, लुगडं बदललं आणि चिंचेचा कोळ घेऊन मागच्या पायरीवर कप घासायला बसले. कप चहाचा नव्हे, हॉकीचा. हातभर उंच, दोन कानांचा, चांदीचा, आणि काठाला सगळीकडून घुंगरं लावलेली. एक बाजू घासावी तर दुसऱ्या बाजूची घुंगरं वाजत. असलं भांडं मी जन्मात दुसरं पाहिलं नाही.

आमच्या घरमालकीण, ज्यांना सगळी आळी आक्का म्हणायची, दाराच्या चौकटीला टेकून माझ्या हाताकडं बघत होत्या. सकाळी मोटारतळावरून एक माणूस आक्कांच्या यजमानांचा, अण्णांचा, निरोप देऊन गेला होता. अण्णा उद्या सकाळच्या मोटारीनं मिरजेहून येतायत, कप घासून ठेवा. एवढंच. डोळ्याच्या ऑपरेशनची पट्टी सुटली, पण दिसतं की नाही, याबद्दल एक अक्षर नाही.

"दिसतंय म्हणून घासाय सांगितलं, का दिसत न्हाय म्हणून?" आक्कांनी विचारलं.

"ज्याला दिसत नाही तो कशाला घासायला सांगेल?"

"तुम्हाला अजून आमचं मालक कळलं न्हाईत, बाई."

तसं पाहिलं तर मी त्यांच्या घरात बरीच वर्षं काढली होती. निपाणीच्या दवाखान्यात सुईणीची जागा मिळाली तेव्हा मी नुकती विधवा झाले होते, आणि एकट्या बाईला खोली द्यायला गावात कुणी तयार नव्हतं. अण्णांनी काहीच विचारलं नाही. मी हमालाच्या डोक्यावरून ट्रंक उतरवून अंगणात ठेवली तेवढ्यात कानठळ्या बसवणारी शिट्टी झाली. वळून पाहिलं तर एक उंच, वाळका माणूस, पांढरं धोतर, गळ्यात काळ्या दोऱ्यात शिट्टी.

"बाई, ट्रंक रेषेच्या पलीकडं गेली."

अंगणात खरोखरच चुन्याची रेष मारलेली होती. अलीकडचं अंगण माझं, पलीकडचं दुसऱ्या भाडेकरूंचं.

"उचलते," मी म्हटलं.

"पहिल्यांदा ताकीद. दुसऱ्यांदा मैदानाबाहेर."

मला वाटलं, माणूस वेडा आहे. पण खोलीला दोन खिडक्या होत्या आणि आड अंगणातच होता, म्हणून राहिले. नंतर लक्षात आलं की वेड आहे, पण त्याला नियम आहेत, आणि ते सगळ्यांना सारखे. असं शहाण्या घरमालकांत क्वचित सापडतं.

अण्णा अंपायर होते. पोटापाण्यासाठी तंबाखूच्या वखारीत माल पारखायचे, पान चुरगाळून नाकाशी धरायचे आणि प्रत सांगायचे. पण त्यांना कुणी पारखी म्हणून ओळखत नसे. तरुणपणी बेळगावच्या कॅम्पात गोऱ्या शिपायांचे हॉकीचे सामने बघून बघून त्यांनी खेळाचे नियम पाठ केले होते. स्वतः कधी स्टिक हातात धरली नाही. "खेळणाऱ्याला एक बाजू असते," म्हणायचे. "मला बाजू नको."

हे नियम त्यांनी घरात, आडावर, बाजारात, सगळीकडं लावले. आडावर दोघींचं भांडण जुंपलं की ते शिट्टी मारून मध्ये उभे राहायचे आणि हॉकी सुरू करताना दोन खेळाडू स्टिकवर स्टिक आपटतात तशा दोघींना घागरी एकमेकींवर आपटायला लावायचे. मग म्हणायचे, "आता करा सुरू. पहिल्यापासून." आपटता आपटता बायका हसत सुटायच्या आणि भांडण कशावरून होतं तेच विसरायच्या. गवळी दुधात पाणी घालतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, पण त्याला कधी शिट्टी नाही. मी विचारलं तर म्हणाले, "त्याला थांबवला तर उद्या दूधच येणार न्हाय. थांबवून आपलंच नुकसान असलं की खेळ चालू ठेवायचा, हा बी नियमच हाय." एकदा जावई जेवताना स्वयंपाकाला नावं ठेवू लागला. पहिल्यांदा ताकीद झाली. आमटीवर दुसऱ्यांदा बोलला तेव्हा शिट्टी झाली, आणि तो ताट सोडून अंगणात जाऊन बसला. आक्कांनी त्याला मागच्या दारानं लाडू नेऊन दिला. ते अण्णांना दिसलं, पण शिट्टी मारली नाही. नियमात मागचं दार नव्हतं.

घड्याळावर त्यांचा विश्वास नव्हता. ते सूर्य बघायचे. घर जैन, सूर्य मावळायच्या आत जेवण उरकलंच पाहिजे. संध्याकाळी ते अंगणात पश्चिमेकडं तोंड करून उभे राहायचे आणि वखारीच्या पत्र्याला ऊन टेकलं की हातातलं काम टाकून पानावर जायचे. दारात कलेक्टर येऊन उभा असता तरी.

कपाची भानगड या सूर्यामुळंच झाली.

लढाईच्या आधी काही वर्षं आमच्या भागात हॉकीची एक लीग चालायची. तंबाखूवाले सावकार, बेळगावच्या कॅम्पातले ठेकेदार, अशा पैसेवाल्यांनी आपापल्या टीम उभ्या केल्या होत्या आणि खेळाडूंना महिन्याला पगार द्यायचे. शेतावरची पोरं त्या पगारासाठी अनवाणी पळायची. जिंकणाऱ्या टीमला द्यायला कप हवा म्हणून सावकारांनी हुपरीच्या चांदीकामवाल्याला तो सांगितला. त्याच्या दुकानात पिढ्यान्‌पिढ्या पैंजण घडत होते. कप त्यानं सुरेख केला, आणि शेवटी सवयीनं काठाला घुंगरं लावून टाकली. सावकार चिडले. तो म्हणाला, "पायानं पळायचा खेळ हाय म्हणालासा की." आता काढून टाकतो म्हणाला, पण तोवर दोन-चार जणांनी कप उचलून वाजवून पाहिला होता आणि त्यांना तो आवडला होता. घुंगरं राहिली. अण्णांनी मात्र तेव्हाच लीगच्या नियमात लिहून घेतलं, बक्षीस म्हणजे कप, घुंगरं नव्हेत. कशासाठी, ते त्यांनाच माहीत. कॅम्पातल्या खेळाडूंची जिंकल्यावर कपातून बिअर प्यायची इच्छा असायची. अण्णा तिथंच उभे राहायचे आणि कपात मठ्ठा ओतून घ्यायचे. पहिल्या वर्षी बेळगावच्या कॅप्टननं, तो कॅम्पात शिंपीकाम करायचा, मठ्ठा पिऊन म्हटलं होतं म्हणे, "अण्णा, यापेक्षा हरलेलं परवडलं."

शेवटच्या वर्षीचा अंतिम सामना निपाणीत, सावकारांच्या वखारीमागच्या मैदानावर झाला. हे सगळं मी आक्कांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की आपण तिथं होतो असंच वाटतं. निपाणीविरुद्ध बेळगाव. कप आदल्या वर्षी बेळगावनं जिंकलेला, आणि नियम असा की बरोबरी झाली तर कप ज्याच्याकडं आहे त्याच्याकडंच राहायचा. हारतुरे आणि भाषणं यांत सामना सुरू व्हायलाच उशीर झाला. निपाणीचा एक गोल झाला. बेळगावचा होईना. अगदी शेवटी निपाणीच्या एका गड्यानं गोलासमोर चेंडू पायानं अडवला आणि अण्णांनी बेळगावला पेनल्टी कॉर्नर दिला.

ज्यांना खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. कॉर्नरमध्ये एकजण रेषेवरून चेंडू ढकलतो, दुसरा तो हातानं थांबवतो आणि तिसरा सरळ गोलात हाणतो. तो तिसरा म्हणजे येळ्ळूरचा एक शेतकरी गडी. त्याचा तडाखा असा की गोलकी डोळे मिटून घ्यायचे. गोल झाला तर बरोबरी, म्हणजे कप बेळगावचा. नाही झाला तर निपाणीचा. सगळं या एका फटक्यावर.

आणि अण्णांनी पश्चिमेकडं पाहिलं. पत्र्याला ऊन टेकलं होतं. त्यांनी शिट्टी मारली, चेंडू उचलून खिशात घातला, म्हणाले, "कॉर्नर उद्या," आणि घरी येऊन पानावर बसले.

"भात वाढत हुते," आक्का सांगायच्या, "आणि भाईर सगळं निपाणी आन् सगळं बेळगाव बोंबलतंय. मी म्हटलं, अवो, एक फटका मारू द्यायचा हुता. तर म्हणतात, आधी मीठ वाढ."

दुसऱ्या दिवशी बेळगावचे खेळाडू थांबले नाहीत. पुढच्या आठवड्यात म्हणाले, मग सुगीनंतर म्हणाले. मग लढाई सुरू झाली, ठेकेदारांना मिलिटरीची कामं मिळाली, सावकारांनी मैदानावर तंबाखूच्या गाठी रचल्या, पगार बंद झाले आणि लीग संपली. कप तेवढा अण्णांच्या कोनाड्यात राहिला. सामना चालू असताना तो अंपायरच्या ताब्यात असतो, आणि सामना अजून चालू होता.

सावकार स्वतः आले होते. "आमच्या वखारीत काम करतोस, आणि आमच्याच टीमवर कॉर्नर देतोस? वर कप बी देत न्हाईस?"

"कॉर्नर पायाला दिला, टीमला न्हाय," अण्णा म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते वखारीत गेले नाहीत. घरभाड्यावर भागवू लागले.

बेळगावहूनही माणसं यायची. निपाणीत कप अडकवून ठेवलाय, जैन अंपायरनं सावकाराला सामील होऊन सूर्याचं निमित्त केलं, असं तिकडं बोललं जायचं. इकडं म्हणायचे, अंपायर बेळगावला विकला गेला. अण्णा दोन्हीकडचं ऐकून घ्यायचे. कुणी फारच चढ्या आवाजात बोललं तर शिट्टी. पण झोपायच्या आधी ते कोनाड्याशी जाऊन कप हलवून बघायचे. घुंगरं वाजली की कप जागेवर आहे. आक्का म्हणायच्या, "सवत परवडली. ती निदान भाकऱ्या थापू लागली असती."

दिवा लावलेला असतानाही ते कप हलवूनच बघतात, हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा मी त्यांना उजेडात बसवलं आणि पापण्या वर करून पाहिलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डाव्यातला तर पार पिकलेला, दुधासारखा पांढरा. अंगणातली चुन्याची रेष त्यांना दिसत नव्हती. ते अंदाजानं शिट्ट्या मारत होते, आणि आम्ही भाडेकरू मुकाट ताकीद घेत होतो.

"मिरजेला चला," मी म्हटलं. "काढून टाकतात. दिसायला लागेल."

"आणि न्हाय दिसलं तर?"

"आताही कुठं दिसतंय?"

"उजव्यानं जरा दिसतंय. डॉक्टरनं त्यात सुई घातली आणि गेलं तर तो कॉर्नर कोण बघणार? आधी कॉर्नर. मग मिरज."

मी समजावलं. पिकलेला मोतीबिंदू तसाच ठेवला तर डोळा दुखायला लागतो, लाल होतो, आणि मग मिरजेचा डॉक्टर काय, कुणीच काही करू शकत नाही. मी दवाखान्यात असे डोळे पाहिले होते. अण्णा शांतपणे ऐकायचे आणि म्हणायचे, "अंपायर सामना अर्धा टाकून जात न्हाय." आक्का रडल्या, शिव्या दिल्या, पुन्हा रडल्या. त्या मला आडाजवळ गाठून म्हणाल्या, "बाई, तुम्ही काय बी करा. ह्यांचा डोळा त्या कपात बुडालाय, तेवढा भाईर काढा."

आठवडाभर मी विचार केला. माणसाला पटवणं हे काम बाळंतपणापेक्षा अवघड आणि वेळखाऊ. त्यापेक्षा कॉर्नर मारून घेणं सोपं.

दवाखान्याच्या औषधांसाठी मला अधूनमधून बेळगावला जावं लागायचं. त्या खेपेला मी आधी कॅम्पात त्या शिंपी कॅप्टनकडं गेले. कॅप्टनच्या डोक्यावर आता केस नव्हते, पण अण्णांचं नाव काढताच तो शिलाईयंत्रावरून उठून उभा राहिला. "कॉर्नर? अजून? आम्ही जिंकलोच म्हणून समजा, बाई!" तिथून टांगा करून येळ्ळूर. तो गडी गोठ्यात वैरण टाकत होता. पोट सुटलं होतं, मिशा पिकल्या होत्या. मी कशासाठी आले ते सांगितल्यावर त्यानं वैरण तशीच खाली टाकली.

"बाई, गावात मला काय म्हणत्यात ठाऊक हाय? अर्धा कॉर्नर. देवळात गेलो तरी, आला अर्धा कॉर्नर. बायकू बी भांडणात तेच काढती."

"व्हय, काढती," आतून आवाज आला. "मारून या एकदाचा, आणि मग सांगा मला मीठ कमी पडलं म्हणून."

"मारीन की. पर अण्णाला दिसंल का?"

खरी अडचण तीच होती. पांढरा चेंडू जाळीत गेला की बाहेर थांबला हे अण्णांच्या उजव्या डोळ्याला कळणार नव्हतं, आणि दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून ते निकाल देणार नव्हते. मी गोठ्यात बघत उभी राहिले. बेंदूर, बैलांचा सण, जवळ आला होता. दावणीच्या वर खुंटीला बैलांच्या घुंगुरमाळा घासूनपुसून टांगलेल्या होत्या. मान हलवली तरी वाजणाऱ्या.

"ह्या माळा घेऊन या," मी म्हटलं. "जाळीला बांधू. चेंडू आत गेला की वाजतील. अण्णांचे कान चांगले आहेत."

तो हसला. "बैलागत गोलाला बी सजवायचं म्हणा की."

बेंदराच्या दुसऱ्या दिवशी कॉर्नर ठरला. सावकारांना सांगितलं तेव्हा ते आधी नको म्हणाले, पण त्यांच्या वखारीतल्या बायका माझ्या हाताखाली बाळंत झालेल्या. त्यांनीच गाठी हलवून गोलासमोरची जागा मोकळी केली. दुपारी सगळे जमले. निपाणीचा गोलकी बोरगावचा. तो आता सोसायटीच्या गोडाऊनमध्ये वजनं करायचा आणि स्वतः एका पोत्याएवढा झाला होता. त्यानं जुनी पॅडं बांधायला घेतली तर पट्टे पुरेनात, सुतळी लावावी लागली.

आक्का अण्णांना हाताला धरून घेऊन आल्या. दुसऱ्या हातात पितळी डबा. "जेवाण हितंच आणलंय," त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "आज सूर्याचं निमित्त चालायचं न्हाय."

अण्णांनी धोतराच्या सोग्यातून चेंडू काढला. तोच जुना. इतकी वर्षं त्यांनी तो सांभाळला होता. हातानं रेषा चाचपून चेंडू ठेवला. चिखल होता, तो त्यांनी स्वतः पुसून घेतला. मग गोलाच्या बाजूला, जाळीपासून हातभर अंतरावर उभे राहिले, मान वाकडी करून, कान पुढं. मैदानावर एकदम सामसूम झाली. वखारीतल्या बायकांनी काकणं धरून ठेवली होती.

शिट्टी झाली. चेंडू ढकलला, शिंप्यानं तो हातानं थांबवला, येळ्ळूरचा गडी पळत आला आणि त्यानं हाणला. काय हाणला! मला फक्त चिखल उडालेला दिसला. आणि घुंगुरमाळा खणखणल्या. सगळ्या एकदम, बेंदराच्या मिरवणुकीत वाजतात तशा.

"वाजलं!" अण्णांनी हात वर केला. "गो..."

शिंप्यानं आनंदानं टोपी फेकली. निपाणीवाल्यांनी बोंब मारली. त्या गोंधळात येळ्ळूरचा गडी अण्णांच्या पुढ्यात येऊन उभा राहिला.

"थांबा अण्णा. चेंडू भाईरच हाय. आत गोलकी गेलाय."

खरंच. बोरगावच्यानं चेंडू पोटावर घेतला होता, आणि त्या धक्क्यानं तो उताणा जाळीत पडला होता, माळांमध्ये गुरफटून. चेंडू रेषेच्या अलीकडं चिखलात रुतलेला.

"तुला कुणी इचारलं रं?" शिंपी त्याच्यावर ओरडला. "अंपायर गोल म्हणतोय आणि तू न्हाय म्हणतोस?"

"कुणी इचारलं न्हाय म्हणून तर सांगितलं. पुन्हा अर्धा म्हणून जगायचं न्हाय मला."

अण्णा वाकले. हातानं रेष शोधली, मग चेंडू शोधला, मग पुन्हा रेष. जाळीतून आवाज आला, "मला आधी उठवा, मग मोजा." कुणी हसलं नाही. अण्णांनी तिसऱ्यांदा रेष चाचपली. मग ते उभे राहिले, हात खाली घेतला आणि शिट्टी तोंडात धरली. लांब शिट्टी. श्वास संपेपर्यंत.

"सामना संपला," ते म्हणाले. "कप निपाणीचा."

तेव्हा आक्का डब्यावर डोकं टेकून रडल्या. मी त्यांना रडू दिलं. मला स्वतःला हातावरचं मोठं ओझं खाली ठेवल्यासारखं वाटत होतं, आणि भूकही लागली होती. डब्यातल्या भाकऱ्या आम्ही सगळ्यांनी वाटून खाल्ल्या. सूर्य चांगला वर होता.

यानंतर कप ज्याचा त्याला देऊन सगळं मिटायला हवं होतं. पण मी कप घेऊन सावकारांकडं गेले तर ते म्हणाले, "आता टीम हाय कुठं? ठेवू कुठं? एवढी घुंगरं, घरातली पोरं दिवसभर वाजवतील. अण्णाकडंच राहू दे." इतकी वर्षं ज्याच्यासाठी भांडत होते तो हातात आल्यावर कुणालाच नको होता. मी तो परत आणून कोनाड्यात ठेवला.  दुसऱ्याच आठवड्यात अण्णांनी मिरजेला जायचं नाव घेतलं, नंबर लागायला पावसाळा गेला, आणि डाव्याची खात्री नाही म्हणून डॉक्टरनं उजव्या डोळ्यापासून सुरुवात केली. सोबत कोण जाणार हा प्रश्न आला तेव्हा येळ्ळूरचा गडी बैल शेजाऱ्याकडं सोपवून आला. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवून अण्णांना निजवलं होतं, मान हलवायची नाही, आणि हा बाबा उशाशी बसून त्यांना बेळगावच्या कॅम्पातले जुने सामने सांगत होता. अण्णा निजल्या निजल्या त्यातल्या चुका काढत होते.

एवढं आठवेपर्यंत कप घासून झाला. आक्कांनी त्या रात्री दोनदा विचारलं, "ज्याला दिसत न्हाय तो घासाय सांगंल का?" मी दोनदा तेच उत्तर दिलं. खरं सांगायचं तर मलाही खात्री नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी मोटारतळावर गेलो. कप माझ्या हातात. मोटार आली, धूळ बसली. आधी येळ्ळूरचा गडी उतरला, मग त्याच्या खांद्याला धरून अण्णा. नाकावर भिंगांचा जाड चष्मा, त्यामागं मोठे दिसणारे डोळे. आक्का पुढं झाल्या नाहीत. जागच्या जागी उभ्या राहिल्या. अण्णा माझ्याकडं आले, वाकले, कपाकडं पाहिलं.

"बाई, बुडाला चिंच राहिलीय."

मी कप उलटा केला. बुडाच्या कडेला चिंचेचा एक धागा चिकटलेला होता.

आक्का मोटारतळावरच्या दगडावर मटकन बसल्या. "अय्यो, दिसतंय की हो ह्यांना!" हसत होत्या आणि पदरानं तोंड पुसत होत्या. "मला बघायचं सोडून चिंच बघतायत!"

"तुला आधीच बघितली. केस पिकले," अण्णा म्हणाले. एवढं बोलून ते आक्कांकडं बराच वेळ बघत राहिले.

घरी येऊन पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी निकाल दिला. सावकारांना कप नको असेल तर निपाणीच्या टीममधल्या ज्या माणसानं सामना वाचवला त्याला, म्हणजे बोरगावच्या गोलकीला तो जायचा. येळ्ळूरच्याकडं वळून म्हणाले, "तू हरलास. हरलेल्याला कप देता येत न्हाय."

"मी कुठं मागितला?"

"पण घुंगरं कपात मोडत न्हाईत. तसं लिहून ठेवलंय. ती माझ्या ताब्यातली, मी कुणाला बी देईन. तुझ्या बैलांना घाल."

तो काहीतरी बोलणार होता, तर अण्णांनी शिट्टीला हात लावला. 

घुंगरं काढायचं काम माझ्यावर आलं. दवाखान्याची कात्री वापरली असती तर धार गेली असती, म्हणून शेजारच्या सोनाराकडून बारीक चिमटा मागून आणला आणि पायरीवर बसून एकेक कडी उकलली. येळ्ळूरच्यानं ती धोतराच्या गाठीत बांधून घेतली आणि चालू लागला. आळीच्या टोकापर्यंत त्याचा आवाज येत होता. अण्णा अंगणात उभे होते. चुन्याची रेष पायानं चाचपत नव्हते, बघत होते. म्हणाले, "फिकी पडलीय. कुणीच सांगितलं न्हाय?"

मला बोरगावला एक बाळंतीण बघायला जायचंच होतं. कप पिशवीत घातला, वर जुन्या लुगड्याच्या धुतलेल्या घड्या ठेवल्या आणि निघाले. वाटेत पिशवी दोनदा या हातातून त्या हातात घेतली. कप एकदाही वाजला नाही.